‘इथं सरळ जिंकत होतं’ असं म्हणण्याआधी

प्रश्न असा आहे: बुद्धिबळ स्पर्धेतला डाव संपल्यावर खेळाडू त्याचं विश्लेषण करून दाखवतो. कोणती चाल कशी सुचली, कुठं घाबरलो, कुठं चुकलो हे सांगतो. पाहणारे इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लावतात आणि लगेच म्हणतात, ‘एकतिसाव्या चालीला सरळ जिंकत होतं, दिसलं कसं नाही?’ प्रेक्षकानं काय बोललं तर त्याचा खेळाडूला आणि स्वतःलाही उपयोग होईल? आणि खेळाडूनं त्यातलं काय घ्यावं?

माझं मत आधीच सांगतो. प्रतिक्रिया एका ठोस चालीपासून सुरू व्हावी आणि खेळाडूच्या विचारापर्यंत पोहोचावी. इंजिनचा आकडा पटावरच्या स्थितीची किंमत सांगतो. त्या वेळी खेळाडूला काय दिसत होतं, घड्याळात किती मिनिटं उरली होती, कोणत्या धमकीनं त्याचं लक्ष धरून ठेवलं होतं, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. चाली खेळलेल्या डावांच्या डेटाबेसमध्ये मिळतात. डावानंतरचं विश्लेषण पाहायचं ते या बाकीच्या गोष्टींसाठी.

एक सर्वांना माहीत असलेला डाव समोर ठेवू. २०१४ साली सोचीला झालेल्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीतला सहावा डाव, पांढऱ्याकडून मॅग्नस कार्लसन, काळ्याकडून विश्वनाथन आनंद. वजीर नवव्या चालीलाच पटावरून गेलेले. पांढऱ्याचे हत्ती जी४ आणि एच५ वर, काळ्याचे जी८ आणि एच८ वर, काळा घोडा जी६ वर. सव्विसाव्या चालीला कार्लसननं राजा सी१ वरून डी२ वर आणला आणि त्याच क्षणी काळ्याला एक युक्ती मिळाली: २६...घोडा ई५ वरचं प्यादं मारतो (तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल). घोडा हलल्यानं जी फाइल (उभी पट्टी) उघडते, त्यामुळं जी४ वरच्या हत्तीवर घोडा आणि हत्ती दोघांचा मारा येतो. पांढरा २७.हत्ती जी८ मारतो असं खेळतो, तेव्हा काळा तो हत्ती लगेच परत मारत नाही. आधी घोडा सी४ वरचं प्यादं शह देत मारतो, २८.राजा डी३, मग घोडा बी२ वरून पुन्हा शह, आणि राजा हलल्यावर एच८ चा हत्ती सावकाश जी८ मारतो. दोन प्यादी काळ्याची जास्त.

आता सगळ्यात महत्त्वाचा तपशील. राजा सी१ वरच असता तर सी४ वरच्या माऱ्यानं शह बसलाच नसता आणि पांढऱ्यानं एच८ वरचा दुसरा हत्तीही उचलला असता. म्हणजे एक चाल आधी ही युक्ती पटावर नव्हती. आनंदनं ती तपासली असती तर ‘चालत नाही’ असंच उत्तर आलं असतं. आनंद २६...ए४ खेळला, संधी गेली आणि कार्लसननं ३८ चालींत डाव जिंकला. इंजिन उघडून बसलेल्या प्रत्येकाला ही चाल सेकंदात दिसली होती. पण ‘दोघांनाही दिसलं नाही’ एवढं म्हणून थांबलं तर त्या डावातून काहीच हाती लागत नाही. ‘राजा हलल्यानं कोणत्या जुन्या चालीचं उत्तर बदललं?’ असं विचारलं की हाती एक सवय येते: प्रतिस्पर्ध्याचा राजा एक घर जरी सरकला, तरी आधी रद्द केलेल्या शहाच्या चाली पुन्हा तपासायच्या. बचाव करणारा खेळाडू स्वतःवरचे धोके शोधण्यात गुंतलेला असतो, म्हणून त्याच्याकडून हे विशेष राहतं.

पाहण्याची पद्धत बदलली की प्रतिक्रिया आपोआप सुधारते. खेळाडू एखाद्या अवघड स्थितीला आला की थांबवा. इंजिन बंद, आकड्याची पट्टी झाकलेली. स्थिती खऱ्या पटावर मांडा. पाच ते दहा मिनिटं घ्या आणि तीन गोष्टी कागदावर लिहा: माझी चाल, त्यावर प्रतिस्पर्ध्याचं सगळ्यात त्रासदायक उत्तर, आणि शेवटी कोण बरं आहे ते शब्दांत. मोहरी हलवू नका. हे फार महत्त्वाचं आहे. चौथ्या चालीनंतरची स्थिती प्रेक्षकाला पडद्यावर दिसते, खेळाडूला ती डोक्यात उभी करावी लागते. शिवाय त्यानं मोहऱ्याला हात लावला की ते हलवणं भाग असतं, तुम्ही मात्र बटण दाबून मागं येता. मोहरी न हलवता तीन चाली पुढचं पाहून बघा, ‘सोपी’ युक्ती किती अवघड होती ते लगेच कळतं. एका डावात अशा चार-पाच जागा पुरेत. प्रत्येक चालीवर थांबलात तर तासाभरात कंटाळा येईल आणि शेवटचा भाग, जिथं बहुतेक डाव ठरतात, वरवर पाहिला जाईल.

मग खेळाडूचं बोलणं ऐका आणि त्यातले थर वेगळे करा. एक, पटावर बसून त्यानं प्रत्यक्ष विचार केलेलं. दुसरा, डाव संपल्यावर प्रतिस्पर्ध्याशी बोलताना सापडलेलं. तिसरा, इंजिननं दाखवलेलं. प्रामाणिक खेळाडूच्या बोलण्यातही हे मिसळतात, कारण निकाल कळल्यावर आठवण बदलते. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं १९७५ साली प्रयोगातून दाखवलं होतं की शेवट माहीत झाला की माणसाला तो आधीपासूनच अटळ वाटायला लागतो. खेळाडू जितका याला बळी पडतो तितकाच प्रेक्षकही. म्हणून ‘हे पटावर दिसलं होतं की नंतर?’ हा साधा प्रश्न फार कामाचा आहे. विचारायला मात्र सूर सरळ हवा, उलटतपासणीचा नको.

घड्याळाकडं बहुतेक जण बघतच नाहीत. अनेक खुल्या स्पर्धांत प्रत्येकाला ९० मिनिटं आणि प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर असते. पीजीएन फाइलमध्ये (डावाच्या चाली साठवणारी मजकुराची फाइल) प्रत्येक चालीनंतरची वेळ नोंदलेली असेल तर ती उघडून बघा. चूक झाली त्या चालीला किती सेकंद लागले आणि त्याआधीच्या तीन चालींना किती, हे पाहिलं की चुकीचं कारण बऱ्याचदा समोर येतं. अठराव्या चालीला पंचवीस मिनिटं घालवलेली असतात आणि तेहेतिसाव्या चालीला चाळीस सेकंदांत चूक होते. मग खरी दुरुस्ती अठराव्या चालीची आहे. एवढी मिनिटं कशात गेली, दोन जवळपास सारख्या चालींमध्ये तर नाही, हे विचारलं तर खेळाडूला पुढच्या फेरीत उपयोग होतो. तेहेतिसाव्या चालीची अचूक लाइन (पुढच्या चालींची मालिका) सांगून तितका होत नाही.

इंजिनबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो.

पहिला घोळ आकड्याच्या अर्थाचा. ‘अधिक एक’ म्हणजे एक प्यादं जास्त, हा समज जुना झाला. स्टॉकफिश या इंजिनच्या १५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ च्या डिसेंबरपासून, आकडा अशा रीतीनं बांधला आहे की +१.०० म्हणजे इंजिन विरुद्ध इंजिन खेळात जिंकण्याची शक्यता निम्मी. माणूस विरुद्ध माणूस हे गणित तसंच लागू होत नाही. +०.२ आणि +०.५ यांतला फरक दाखवून ‘इथं चुकलास’ म्हणण्यात काही अर्थ नाही. त्या चालीनं डावाचं स्वरूप कसं बदललं हे सांगता येत असेल तरच बोला.

दुसरा घोळ घाईचा. ब्राउझरमधलं इंजिन पहिल्या काही सेकंदांत जे दाखवतं ते डेप्थ (इंजिन किती चाली खोल बघतं ते) वाढली की बदलू शकतं. डेप्थ २५ ते ३० पर्यंत जाऊ द्या, एका ऐवजी पहिल्या तीन लाइन दिसतील असं ठेवा, आणि सुचवलेली लाइन स्वतः चालवत शांत स्थितीपर्यंत जा. शांत म्हणजे जिथं लगेच मारामारी किंवा शह उरलेला नाही. तिथं पोहोचल्यावरही आकडा टिकून असेल तरच चाल मांडा. राजे आणि प्यादी धरून सात किंवा कमी मोहरी उरली असतील तर इंजिनपेक्षा टेबलबेस बघा, म्हणजे अशा प्रत्येक स्थितीचा निकाल आधीच मोजून ठेवलेला संग्रह. तिथं अंदाज नसतो, उत्तर पक्कं असतं.

तिसरा घोळ सगळ्यात नुकसान करणारा: जिंकणारी लाइन आणि खेळता येण्याजोगी लाइन यांत फरक न करणं. तपासायची रीत सोपी आहे. लाइनच्या प्रत्येक टप्प्यावर पहिल्या आणि दुसऱ्या पसंतीच्या चालीत किती अंतर आहे ते बघा. सलग सात-आठ चाली अशा असतील, की एकच चाल जिंकते आणि बाकी सगळ्या बरोबरीत किंवा पराभवात जातात, तर ती वाट न निवडणं ही चूक म्हणता येत नाही. वेळ कमी असेल तर मुळीच नाही. उलट दुसरी एखादी चाल आकड्यात थोडी कमी असूनही तिथून पुढं तीन-चार चांगले पर्याय प्रत्येक वेळी मिळत असतील, तर खेळाडूचा निर्णय चांगला होता असं खुल्या मनानं म्हणावं. प्रेक्षक चुका सांगतात तितक्या तपशिलात चांगले निर्णयही सांगतील तर खेळाडूचं फार भलं होईल. काय टिकवायचं हेही त्याला कळायला हवं.

बलिदानाच्या डावांत हे अधिकच लागू. नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथं १९९९ साली कास्पारोवनं टोपालोवविरुद्ध २४ व्या चालीला हत्तीनं डी४ वर मारलं. टोपालोवनं प्याद्यानं तो हत्ती घेतला आणि राजाची पटभर फरफट झाली. हत्ती न घेता २४...राजा बी६ खेळला असता तर काळा ठीक होता, हे पुढं विश्लेषणात दिसलं. यावरून ‘बलिदान खोटं होतं’ असं म्हणणारे आजही भेटतात. त्या चालीनं काळ्यासमोर किती अवघड प्रश्न टाकला आणि सहज दिसणारं उत्तर नेमकं कसं हरत होतं, हे ज्यानं पाहिलं त्यानंच तो डाव पाहिला.

आता प्रतिक्रिया प्रत्यक्ष कशी लिहायची. चालीचा क्रमांक आणि रंग आधी. पांढऱ्याची सत्ताविसावी आणि काळ्याची सत्ताविसावी यांत गल्लत झाली की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही; काळ्याच्या चालीआधी तीन टिंबं द्या. काळ्याच्या बाजूनं दाखवलेल्या पटावर घरांची नावं उलटी वाचली जातात, बी५ चं जी४ होतं, तेव्हा कडेची अक्षरं बघून खात्री करा. मग तुमची चाल, अपेक्षित उत्तर, लाइन कुठं थांबते ते, आणि हे स्वतः शोधलं की इंजिननं दाखवलं ते.

नमुना असा: ‘३१...हत्ती सी२ बघितला होता का? ३२.वजीर बी३ वर आला तर हत्ती एफ२ मारतो, ३३.राजा एफ२ मारतो, मग घोडा जी४ वरून शह, इथपर्यंत मला पटावर दिसलं. राजा जी१ वर परतल्यावर माझ्याकडं पुढची चाल नव्हती. नंतर इंजिन लावलं, डेप्थ २८ ला ते ३२.वजीर डी१ हा बचाव दाखवतं. तुम्ही ही चाल घोड्याच्या शहानंतर सोडून दिली की हत्ती आठव्या पंक्तीतून हलवायची भीती वाटली?’ यात चूक निघाली तरी बिघडत नाही. खेळाडूला उत्तर द्यायला नेमकी जागा मिळते. ‘३१ ला हत्ती सी२ जिंकत होतं’ यावर तो फक्त ‘हो’ म्हणू शकतो.

ओपनिंगबद्दल बोलताना जपून. ‘ही चाल नवीन आहे’ किंवा ‘इथं थिअरी (आधीपासून अभ्यासलेल्या चाली) सोडली’ म्हणण्याआधी डेटाबेसमध्ये स्थिती शोधा, चालींचा क्रम नव्हे. तीच स्थिती दुसऱ्या क्रमानं शेकडो वेळा आलेली असू शकते. मिळालेल्या डावांतले ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट) आणि ऑनलाइन डाव वेगळे काढा, नाहीतर टक्केवारी फसवी निघते. आणि खेळाडूनं एखाद्या लाइनबद्दल मौन पाळलं तर खणू नका. स्पर्धा चालू असताना तयारी उघड करणं त्याला परवडत नाही, पुढच्या फेरीचा प्रतिस्पर्धीही हे ऐकत असतो.

इंजिनच्या चालींशी ताडून काढलेल्या अचूकतेच्या टक्क्यांवरून तुलना करू नये. वीस चालींत बरोबरी झालेल्या सरळ डावात दोघांनाही अठ्ठ्याण्णव टक्के सहज मिळतात, साठ चालींच्या गुंतागुंतीच्या झुंजीत उत्तम खेळाडूही खाली येतो. त्या टक्क्यांवरून कुणावर फसवणुकीचा संशय घेणं तर अगदीच गैर. त्यासाठी पंच आणि तपासाची रीतसर पद्धत असते. चारचौघांत टाकलेला असा शब्द नंतर परत घेता येत नाही.

थेट प्रक्षेपणातल्या चालींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, एवढंच या बाबतीत. इलेक्ट्रॉनिक पटावर डाव संपला की निकाल कळवण्यासाठी राजे मध्यभागी ठेवतात आणि कधीकधी तीच शेवटची चाल म्हणून नोंदली जाते. मग ‘शेवटी राजा मधोमध का आणला?’ असा प्रश्न येतो. ३० सेकंदांची भर नसलेल्या डावात पाच मिनिटांहून कमी वेळ उरला की चाली न लिहिण्याची मुभा असते. तिथला क्रम नंतर आठवून जुळवलेला असतो, त्यात खरोखरच चूक सापडू शकते. ती सांगणं ही मोलाची मदत आहे.

प्रतिस्पर्ध्याचाही विचार ठेवा. विश्लेषण एकाचं असतं, डाव दोघांचा. सिंगापूरला २०२४ च्या अजिंक्यपद लढतीत चौदाव्या डावात पांढऱ्याकडून डिंग लिरेन ५५.हत्ती एफ२ खेळला आणि गुकेशनं हत्ती मारून, मग ५६...उंट डी५ खेळून उंटांचीही मारामारी भाग पाडली. पांढऱ्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्या कर्णावरून निसटायला त्याला जागाच नव्हती. उरलेला प्याद्यांचा शेवट काळा जिंकत होता. ‘शाळकरी चूक’ असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. पण हत्ती बदलून बरोबरी जवळ आणायची ही त्या स्थितीत स्वाभाविक कल्पना होती, फक्त उंट वाईट घरावर उभा होता. शिकायचं तर हे शिकावं: मोठी मोहरी बदलण्याआधी उरलेली मोहरीही बदलली जाऊ शकतात का ते बघायचं, आणि बदलली गेली तर प्याद्यांच्या शेवटाचा निकाल काय, तो मोजायचा. हरलेल्या खेळाडूला हिणवून यातलं काही कळत नाही.

खेळाडूच्या बाजूनं पहिलं काम प्रतिक्रिया येण्याआधीचं आहे. डाव संपला त्याच दिवशी, इंजिन उघडण्यापूर्वी, निदान सहा-सात चालींपाशी लिहून ठेवावं: काय बघितलं, काय टाळलं, का टाळलं, किती वेळ गेला. दुसऱ्या दिवशी हे आठवणार नाही, आठवलं तरी बदललेलं असेल. हे टिपण हाताशी असलं की ‘दिसलं नव्हतं का?’ या प्रश्नाला खरं उत्तर देता येतं.

आलेल्या प्रतिक्रियांत आधी ठोस चाल असलेल्या घ्याव्यात. त्या पटावर मांडाव्यात, इंजिननं चूक ठरवल्या तरी, कारण चुकीच्या चालीमागची कल्पना पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या चालीला बरोबर ठरते. एकच जागा चार वेगवेगळ्या लोकांनी विचारली असेल तर तिथं तुमचं स्पष्टीकरण अपुरं आहे असं समजावं. चाल नसलेल्या, नुसत्या रागाच्या किंवा कौतुकाच्या प्रतिक्रिया वाचून सोडाव्यात. स्पर्धा चालू असेल तर त्या वाचूच नयेत, शेवटच्या फेरीनंतर बघाव्यात. आणि कुणी तुमच्या विश्लेषणातलं भोक दाखवलं, तर त्या लाइनजवळ दुरुस्ती लिहून ठेवावी.

ही प्रथा इंजिनांहून कितीतरी जुनी आहे. आपलं विश्लेषण छापावं म्हणजे इतरांच्या टीकेतून ते तपासलं जातं, असा माजी जगज्जेता बोटविनिकचा आग्रह होता. १९६२ च्या वार्ना ऑलिम्पियाडमध्ये फिशरविरुद्ध एक प्यादं कमी असताना हत्तींच्या शेवटात त्यानं बरोबरी वाचवली. फिशरनं नंतर स्वतःच्या डावसंग्रहात लिहिलं की आपण जिंकू शकत होतो, आणि लाइन दिली. बोटविनिकनं ती स्थिती आपल्या शाळेतल्या मुलांसमोर अभ्यासाला ठेवली, आणि तिथं शिकणाऱ्या किशोरवयीन कास्पारोवनं त्या लाइनमध्ये पांढऱ्यासाठी, म्हणजे बोटविनिकच्या बाजूनं, बरोबरीचा मार्ग काढून दाखवला. पट, स्थिती आणि चाली, एवढ्यावरच तो वाद पिढी ओलांडून चालला.